बेचाळिसावे वर्ष कोणते?

नाशिकच्या पांडव लेण्यांतील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने एक दानलेख कोरवून घेतला आहे. काळ दिला आहे तो असा : वर्ष 42, वैशाख महिना. दान 3,000 कार्षापणांचे. त्यातले 2,000 गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवले आणि त्या व्याजातून वर्षावासातील वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यायचे ठरवले. वर्षाचे व्याज 240 आणि वाटपही 240. इतक्या चोख हिशेबाचा हा दस्तऐवज आहे, पण त्यातले बेचाळिसावे वर्ष इसवी सनाचे कोणते, यावर अभ्यासकांची मते सुमारे अर्धशतकाने वेगळी पडतात. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला आणि उषवदाताचे शेत नव्याने भिक्षूंना दिले, त्या लेखातही राज्यवर्ष 18, पावसाळ्याचा दुसरा पक्ष, पहिला दिवस अशी नोंद आहे. आपल्याला दिवस माहीत आहे, शतक मात्र वादात आहे.

त्याच काळातल्या रोमची स्थिती उलट आहे. इ.स. 69 या एका वर्षात गॅल्बा 15 जानेवारीला मारला गेला, एप्रिलमध्ये ओथोचा पराभव झाला, डिसेंबरात विटेलियस संपला आणि व्हेस्पेशियन टिकला. हे इतके नेमके सांगता येते, कारण तिथे वर्षाला कॉन्सलांची नावे होती आणि त्या नावांची सलग यादी शिल्लक राहिली. दख्खनेत काळाची नोंद ठेवली जात नव्हती असे मुळीच नाही. राजागणिक वर्षे नव्याने मोजली गेली आणि एका राजाची मोजणी दुसऱ्याच्या मोजणीशी जोडणारा धागा तुटला. तो जोडायला आपल्याला रोमन जगाकडेच जावे लागते.

प्रचलित मत नहपानाची वर्षे इ.स. 78 ला सुरू झालेल्या शक संवताची मानते, म्हणजे बेचाळिसावे वर्ष इ.स. 120 च्या सुमाराचे. मला हे मत पटत नाही. 'पेरिप्लस' हे ग्रीक भाषेतले व्यापारी मार्गदर्शक भडोचच्या मुलखाचा राजा म्हणून नांबनोसचे नाव घेते आणि पैठण भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर, तर तगर, म्हणजे आजचे तेर, पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर असल्याचे सांगते. पैठणहून अकीकाच्या जातीचे दगड आणि तेरहून कापड गाड्यांतून भडोचला जात असे. याच ग्रंथात नबातियनांचा राजा मलिखस हयात आहे. तो इ.स. 40 ते 70 च्या दरम्यानचा, आणि ते राज्यच रोमने 106 मध्ये खालसा केले. नांबनोस म्हणजे नहपान असेल, तर तो पहिल्या शतकाच्या मध्याचा ठरतो. मग त्याची वर्षे शक संवताची असू शकत नाहीत.

आक्षेप दोन आहेत आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा, की ग्रंथाचा सारा भार दहाव्या शतकातील एका हस्तलिखितावर आहे आणि जुन्या संपादकांनी हे नाव वेगळे, 'मांबरोस' असे वाचले होते. खरे आहे. पण त्या किनाऱ्याचा, त्या काळाशी जुळणारा आणि त्या नावाच्या जवळ जाणारा दुसरा राजा दाखवता येत नाही. दुसरा आक्षेप भूगोलकार टॉलेमीच्या आधाराने येतो. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर लिहिताना तो पैठणला सिरो पोलेमायोस म्हणजे पुळुमावी आणि उज्जैनला तियास्तनेस म्हणजे चष्टन यांना बसवतो. पुळुमावी हा गौतमीपुत्राचा मुलगा, तेव्हा गौतमीपुत्र त्याच्या थोडाच आधी, असा हा युक्तिवाद. मात्र टॉलेमीची बरीचशी माहिती त्याच्या आधीच्या टायरच्या मारिनसकडून आलेली आहे. शिवाय शोभना गोखले यांनी प्रसिद्ध केलेला अंधौचा वर्ष 11 चा लेख चष्टनाला इ.स. 89 मध्येच कच्छात सत्तेवर दाखवतो. म्हणजे टॉलेमीचे चित्र दुसऱ्या शतकाच्या आरंभाचेही असू शकते. माझ्या मताला मात्र एक अडचण उरते, ती लपवू नये : बेचाळीस हा आकडा मग नहपानाच्या राज्यवर्षांचा किंवा एखाद्या हरवलेल्या संवताचा मानावा लागतो. जोगळटेंभीला 1906 मध्ये सापडलेली तेरा हजारांहून अधिक नाणीही इथे निकाल देत नाहीत. त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप मारला, एवढा विजयाचा क्रम ती सांगतात, पण तारीख सांगत नाहीत.

नहपानाचा काळ मागे नेला की गौतमीपुत्राचा विजय इ.स. 78 च्या जवळपास येतो आणि पैठणच्या शालिवाहनाने शक सुरू केल्याची परंपरा सिद्ध झाली असे वाटू लागते. हा मोह टाळला पाहिजे. सातवाहनांच्या एकाही लेखात हा संवत नाही आणि शालिवाहनाचे नाव त्याला कित्येक शतकांनी चिकटले. वापरला तो चष्टनाच्या वंशाने. इतिहास आपल्याला सोयीचा निघाला की त्याचे पुरावे अधिक कडकपणे तपासायला हवेत. पैठण, तेर, पितळखोरे इथल्या सातवाहनांविषयी मराठवाड्यात जे कुणी लिहितात, शिकवतात किंवा फलक लावतात, त्यांनी गौतमीपुत्रापुढे एकच सन ठामपणे छापू नये. दोन्ही सन आणि दोन्हींचे आधार शेजारी शेजारी द्यावेत.