ही राख तीच कशावरून?

पुणे जिल्ह्यातील बोरी गावाजवळ, कुकडी नदीच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा एक थर आहे. ही राख सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीची, यावर सर्वसाधारण एकमत आहे. वाद आहे तो कोणत्या उद्रेकाची, याचा. तिच्या सान्निध्यात आदिमानवाची अश्यूली पद्धतीची दगडी हत्यारे मिळाली. म्हणून तिच्या वयावर या भूमीतील माणसाचा कालक्रम ठरतो. ते वय आधी सुमारे १४ लाख वर्षे सांगितले गेले, मग ६.७ लाख, आणि पुढे काचकणांच्या रासायनिक तुलनेवरून सुमारे ७४ हजार. अशा ठिकाणी ‘ही राख तीच’ असे म्हणण्याचा अधिकार कशाने मिळतो? हा प्रश्न मुळात प्रमाणशास्त्राचा आहे.

मातीचे चुंबकत्व हे त्यासाठीचे एक साधन आहे. दख्खनच्या काळ्या खडकाच्या गाळात चुंबकीय लोहखनिज भरपूर असते, टोबाच्या सिलिकायुक्त राखेत ते कमी. त्यामुळे राखेच्या थरापाशी मोजमाप एकदम खाली येते. लोहकणांचा प्रकार आणि आकारही ताडून पाहता येतो. तरीही हे अनुमानच आहे. म्हैसूरच्या महाराजा कॉलेजचे प्रा. एम. हिरियण्णा यांनी १९३२ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात भारतीय दर्शनांचा परिचय करून दिला. त्यांतील न्यायदर्शन इथे थेट उपयोगी पडते. नैयायिकांच्या मते हेतू, म्हणजे अनुमानाचा आधार, सपक्षात (जिथे सिद्ध करायची गोष्ट असल्याचे ठाऊक आहे तिथे) आढळणे पुरेसे नाही, विपक्षात (जिथे ती नसल्याचे ठाऊक आहे तिथे) तो नसलाही पाहिजे. टोबाचे मोठे उद्रेक अनेकदा झाले. दोन उद्रेकांच्या राखेत सारखेच कण असतील, तर साम्य दिसूनही निर्णय होत नाही. त्या हेतूला व्यभिचाराचा, म्हणजे विपक्षातही आढळण्याचा, दोष लागतो. याउलट थराने जपलेली चुंबकीय दिशा उलटी निघाली आणि ती मूळचीच असेल, तर ७४ हजारांचा पक्ष मोडतो, कारण पृथ्वीचे चुंबकक्षेत्र शेवटचे कायमचे पालटले त्याला सुमारे पावणेआठ लाख वर्षे झाली. साम्य दाखवणाऱ्या पुराव्यापेक्षा पर्याय बाद करणारा पुरावा मोलाचा, तो यासाठी.

यावर आक्षेप येईल की माती स्वस्थ राहत नाही. तो खरा आहे. मातीत हवा-पाण्याने नवे लोहकण घडतात. नदी जुनी राख उचलून नव्या गाळात टाकते. न्यायाच्या भाषेत ही उपाधी, म्हणजे अनुमान बिघडवणारी लपलेली अट, झाली. पण उपाधी ओळखता येते, म्हणूनच तिचे निरसन करता येते. त्यासाठी चुंबकत्वाच्या जोडीला काचेचे रसायन, स्फटिकांचे वय आणि थरांचा क्रम एकत्र पाहावा. या साक्षी स्वतंत्र असतात आणि त्यांच्या चुकांची कारणेही वेगळी असतात. कोणी म्हणेल, मग भूतकाळाचे ज्ञान कधीच निःशंक होणार नाही. पण ज्ञानाला निःशंकतेची अट घातली, तर प्रत्यक्षही टिकणार नाही, कारण भ्रम तिथेही होतो. आपल्यावर बंधन आहे ते एवढेच, की निष्कर्ष सांगताना तो कशाने खोटा ठरेल हेही सांगावे. बोरीच्या राखेबद्दल बोलणाऱ्याने हे बंधन पाळले, तर त्याचे ७४ हजार उद्या बदलले तरी त्याची सत्यनिष्ठा अबाधित राहील.