खांबापाशीं उभे राहिलेले दोन राजे

वाचनभाग : 2 राजे 11, 22 व 23, 2 इतिहास 24.



यहूदाच्या दोन राजांचीं चरित्रें शेजारीं शेजारीं ठेवून वाचावीं अशीं आहेत. योवाश सात वर्षांचा असतां राजा झाला, योशीया आठ वर्षांचा असतां. दोघांनींही यरुशलेमेंतील परमेश्वराच्या मंदिराची डागडुजी करविली. राजानें जेथें उभें राहावें अशी रीत होती, त्या खांबापाशीं दोघेही उभे राहिले, व दोघांच्याही वेळीं परमेश्वराशीं करार झाला. परंतु करार करणारा कोण, ह्यांत भेद होता.

योवाश ख्रिस्तपूर्व 835 च्या सुमारास गादीवर बसला. दुष्ट अथल्येपासून त्याच्या आत्येनें त्यास सहा वर्षें मंदिरांत लपवून वांचविलें होतें. यहोयादा याजकानें त्याला मुकुट घातला, आणि परमेश्वर, राजा व प्रजा ह्यांमध्यें करारही यहोयादानेंच केला. सात वर्षांच्या लेंकराला त्यांतलें काय उमगणार ! मोठेपणीं योवाशानें मंदिराच्या दाराशीं पेटी ठेवविली व लोकांनीं ती आनंदानें भरली. हें ढोंग होतें असें आम्ही म्हणत नाहीं. पण यहोयादा 130 वर्षांचा होऊन मरण पावला, आणि यहूदाचे सरदार राजापुढें लवून मुजरा करूं लागले. राजानें त्यांचें ऐकलें. मंदिर सुटलें, मूर्तिपूजा आली. यहोयादाचा पुत्र जखऱ्या ह्यानें दोष दाखविला, तेव्हां राजाज्ञेनें त्याला मंदिराच्या अंगणांत दगडमार झाला. बापानें अथल्येचेंही रक्त मंदिरांत सांडूं दिलें नव्हतें. तेथेंच त्याच्या मुलाचें रक्त सांडलें!

आतां योशीया पाहा. त्याचा बाप आमोन दुष्ट होता. त्याच्या घरीं कोणी यहोयादा नव्हता. तरी सोळाव्या वर्षीं तो देवाचा शोध करूं लागला. ख्रिस्तपूर्व 622 च्या सुमारास हिल्कीया याजकाला मंदिरांत नियमशास्त्राचा ग्रंथ सांपडला. तो ऐकतांच राजानें आपलीं वस्त्रें फाडलीं. मग लहानथोर सर्वांस जमवून त्यानें तो त्यांस वाचून दाखविला, व खांबापाशीं उभें राहून स्वतःच करार केला. पुढें तो मगिद्दो येथें पडला ; विश्वासूपणानें मरण टळत नाहीं. पण त्याच्यासाठीं यिर्मयानें विलाप केला, आणि योवाशाला राजांच्या कबरस्थानांतही जागा मिळाली नाहीं.

आपल्यांतील पुष्कळांचा बाप्तिस्मा आईच्या मांडीवर झाला, कित्येकांचा सर्व घराणें ख्रिस्ताकडे आलें तेव्हां झाला. आपला शब्द दुसऱ्यानें दिला. ह्यांत लाज नाहीं. योवाशाची चूकही ती नव्हती. तो शब्द त्यानें कधींच आपला केला नाहीं, ही ती चूक. उपदेशकाची बदली झाली, घरांतील वडील माणूस गेलें, आणि गांवांतील वजनदार मंडळी गोड बोलूं लागली, म्हणजे आपला खांब कोणता तें कळतें.

सेवकबंधूंनो, यहोयादासारखे झिजा. पण लोकांना तुमच्यावर नव्हे, प्रभूवर टेंकावयास शिकवा. तुमच्यामागें मंडळी उभी राहील काय, हें आजच विचारा.

योशीयानें करारानंतर वल्हांडण पाळला. आपल्यालाही प्रभूनें नव्या कराराचा प्याला दिला आहे. तो पुन्हां हातीं घेतांना प्रत्येकानें मनांत म्हणावें, "प्रभो, माझ्या आईबापांनीं दिलेला शब्द आज मी स्वतः देतों." आमेन.