गोलरक्षकाचा अपराध कोणता?

फुटबॉलच्या अकरा खेळाडूंपैकी दहा जणांच्या चुका मैदानातच विरून जातात. अकराव्याची चूक मात्र फलकावर लिहिली जाते. आघाडीच्या खेळाडूने तीन सोप्या संधी दवडल्या आणि चौथी साधली, तर तो वीर ठरतो. गोलरक्षकाने नऊ फटके अडवले आणि दहावा हातून निसटला, तर लोकांच्या स्मरणात तो दहावाच उरतो. ही विषमता त्या जागेच्या स्वभावातच आहे आणि तिच्याविषयी तक्रार करण्यात हशील नाही. परंतु गेल्या काही दशकांत गोलरक्षकावर एक नवे कर्तव्य येऊन पडले आणि त्याबरोबर एक जुना नैतिक प्रश्न नव्या वेषात पुढे आला. जो दुसऱ्याच्या आज्ञेवरून धोका पत्करतो, त्याच्या अपयशाचा दोष कोणाच्या माथी मारावा?

या कर्तव्याचा उगम नियमांत आहे. १९९२ पूर्वी सहकाऱ्याने पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षक खुशाल हातात घेई आणि आघाडीवर असलेला संघ या सवलतीच्या आधारे वेळ काढी. १९९२ च्या दुरुस्तीने ती सोय गेली. असा चेंडू आता पायानेच खेळावा लागतो. पुढे २०१९ साली गोलकिकचा चेंडू पेनल्टी क्षेत्राबाहेर गेलाच पाहिजे ही अटही उठली. ज्याचे सारे शिक्षण हातांचे, त्याच्या पायांची परीक्षा सुरू झाली.

येथून दोन संप्रदाय निघाले. एक म्हणतो, गोलपाशी चेंडू ठेवणे म्हणजे घराच्या उंबऱ्यावर विस्तव ठेवणे. तो उंच आणि दूर लाथाडावा. दुसरा म्हणतो, चेंडू जवळच्या बचावपटूस द्यावा आणि मागूनच खेळ बांधत न्यावा. या दुसऱ्या मतामागे साधे अंकगणित आहे. प्रतिपक्षाचा गोलरक्षक सहसा आपल्या जागी असतो. आपला गोलरक्षक खेळात उतरला की आपले अकरा आणि त्यांचे दहा होतात. कोणीतरी एक मोकळा राहतोच. शिवाय चेंडू हिरावून घेण्यासाठी प्रतिपक्ष पुढे धावून आला, की त्याच्या पाठीमागे रान मोकळे होते. २०१७ साली सर्जिओ लोबेरा यांच्याकडे एफसी गोवाची सूत्रे आली, तेव्हा फातोर्ड्याच्या प्रेक्षकांनीही या पद्धतीचा आनंद आणि तिची धडधड दोन्ही अनुभवली.

यांतील कोणता संप्रदाय श्रेष्ठ, हा प्रशिक्षकांचा वाद आहे. मला त्याच्या मुळाशी असलेली आपली न्यायबुद्धी तपासावयाची आहे. आखूड पास चुकला तर गोल तत्काळ होतो. कारण आणि कार्य एकमेकांना चिकटून उभी असतात, आणि अपराधी डोळ्यांपुढे असतो. उलट, दूर लाथाडलेला चेंडू पुष्कळदा प्रतिपक्षाच्याच पायाशी जातो, तोच परतून येतो, आणि दोन मिनिटांनी गोल होतो. तेव्हा दोष बचावपटूचा म्हणतात, मध्यफळीचा म्हणतात, दैवाचाही म्हणतात. ज्याने चेंडू देऊन टाकला त्याचे नाव कोणी घेत नाही. तात्पर्य, ज्याला आपण सुरक्षित खेळ म्हणतो तो पुष्कळदा दोषाचा माग पुसून टाकणारा खेळ असतो. आपत्ती टळत नाही, फक्त तिच्यावरची सही पुसली जाते. कचेरीत निर्णय न घेता कागद पुढच्या मेजावर सरकवणारा अधिकारी याच हिशेबाने निष्कलंक राहून निवृत्त होतो.

अशा प्रश्नात कायद्याने एक कसोटी दिलेली आहे. १९५७ साली इंग्लंडमध्ये बोलम नावाच्या रोग्याचा खटला चालला. विजेच्या उपचारात त्याची हाडे मोडली होती. स्नायू शिथिल करणारे औषध आधी द्यावे की न द्यावे, याविषयी वैद्यांतच दोन मते होती. न्यायाधीशांनी ज्यूरीला सांगितलेले सूत्र असे, की त्या विद्येत निष्णात असलेल्या जबाबदार लोकांच्या एखाद्या वर्गास जी पद्धत योग्य वाटते, तिला अनुसरून वागणारा वैद्य केवळ दुसरा वर्ग वेगळे म्हणतो म्हणून हलगर्जी ठरत नाही. २००५ साली जेकब मॅथ्यू प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही ही कसोटी मान्य केली. परिणाम वाईट झाला एवढ्यावरून पद्धत वाईट ठरत नाही, हे तिचे सार आहे.

परंतु ही ढाल सर्वच वार झेलत नाही. पद्धतीची निवड वेगळी, हाताळणी वेगळी आणि उन्माद वेगळा. १९९० च्या विश्वचषकात कोलंबियाचा रेने हिगिता आपल्या क्षेत्रापासून बराच पुढे येऊन कॅमेरूनच्या रोजर मिलाला हुलकावणी देऊ पाहत होता. मिलाने चेंडू हिसकावला आणि मोकळ्या गोलात मारला. बाहेर येऊन खेळणे ही हिगिताची पद्धत होती. पण त्या क्षणीची हुलकावणी कोणत्याही पद्धतीची गरज नव्हती. ‘मला असेच खेळावयास सांगितले होते’ हा बचाव तेथे टिकत नाही. विवेक गहाण टाकण्याची आज्ञा कोणताही धनी देऊ शकत नाही.

याउलट स्पेनच्या उनाई सिमोनचे पाहा. जून २०२१ मध्ये क्रोएशियाविरुद्ध पेद्रीने दुरून मागे दिलेला साधा चेंडू त्याच्या पायावरून निसटून गोलात गेला. नोंदवहीत तो पेद्रीचा स्वयंगोल म्हणून लिहिला गेला. कागदावरचा दोष आणि खरा दोष यांत किती अंतर असू शकते, याचे हे वकिलांनी जपून ठेवावे असे उदाहरण आहे. येथे पद्धत निर्दोष होती, हाताळणी चुकली. सिमोनने चेंडू लाथाडून देण्याचा आसरा घेतला नाही. सामना ३-३ असा बरोबरीत असताना जादा वेळेत त्याने क्रामारिचचा फटका अडवला आणि स्पेन ५-३ असा जिंकला. पुढच्या सामन्यात स्वित्झर्लंडविरुद्ध त्याने दोन पेनल्टी अडवल्या. प्रशिक्षक लुईस एन्रिके यांनी त्याला जागेवरून हलवले नव्हते, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे. ज्याने धोका पत्करावयास लावले, त्याने धोका ओढवल्यावर हात झटकले नाहीत.

माझ्या मते नीतीचा गाभा येथे आहे. विजय झाला की वर्तमानपत्रे प्रशिक्षकाच्या तत्त्वज्ञानाची स्तुती करतात. पराभव झाला की गोलरक्षकाची चूक छापतात. नफा एकाच्या खाती आणि तोटा दुसऱ्याच्या, अशी भागीदारी कोणतेही न्यायालय मान्य करणार नाही. ज्याने मार्ग ठरवला त्याने मार्गातल्या खड्ड्यांचीही मालकी घ्यावी. बचावपटूंनी पास घेण्यास मोकळ्या जागी धावावे; कारण सहकारी आडोशाला उभे राहिले, तर गोलरक्षकाचे धैर्य हा निव्वळ बळी असतो. आणि या पद्धतीच्या यशाला टाळ्या वाजवणाऱ्या प्रेक्षकाने तिच्या अपयशाचाही थोडा वाटा उचलावा.

हा वाटा न उचलल्यास काय होते, हे ब्राझीलने दाखवले आहे. १६ जुलै १९५० रोजी माराकानावर उरुग्वेच्या घिज्जियाने जवळच्या खांबालगत चेंडू मारला आणि ब्राझील १-२ असा हरला. पहिल्या गोलाच्या वेळी घिज्जियाने चेंडू मध्ये दिला होता. या वेळीही देईल असे मानून गोलरक्षक बार्बोझा किंचित पुढे सरकला होता. तर्क सयुक्तिक होता, फळ विपरीत आले. त्या दिवशी मैदानावर आणखी दहा ब्राझीलियन होते, पण पराभव एकाच्याच नावावर लिहिला गेला. माझ्या देशात मोठ्यात मोठी शिक्षा तीस वर्षांची, मी मात्र पन्नास वर्षे भोगतो आहे, अशा आशयाचे उद्गार त्याने उतारवयात काढले होते. २००० साली तो वारला. त्याच्यावर आरोपपत्र कधी ठेवले गेले नाही, म्हणून त्याला बचावही कधी करता आला नाही.