पराभवाची कारणसामग्री

कुमारवयीन खेळाडूंचा राष्ट्रीय संघ जागतिक स्पर्धेत अपेक्षेपेक्षा खाली का राहतो, हा प्रश्न वरवर क्रीडासमीक्षेचा वाटत असला, तरी त्याच्या मुळाशी भारतीय दर्शनांनी शतकानुशतके चर्चिलेला एक जुना प्रश्न आहे: कोणत्याही कर्माचा खरा कर्ता कोण, आणि त्या कर्माच्या फळाशी त्याचे नाते काय? १४ डिसेंबर २०२३ रोजी क्वालालंपूर येथे कनिष्ठ गटाच्या हॉकी विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात भारतीय संघ जर्मनीकडून १–४ असा हरला. त्या सामन्यात भारताला बारा पेनल्टी कॉर्नर मिळाले. पेनल्टी कॉर्नर म्हणजे प्रतिपक्षाने आपल्या गोलवर्तुळात केलेल्या नियमभंगाबद्दल मिळणारी, ठरलेल्या रचनेतून गोलावर फटका मारण्याची संधी, आणि त्या बारांपैकी एकाचेही रूपांतर गोलात झाले नाही. दोन दिवसांनी स्पेनविरुद्धचा कांस्यपदकाचा सामनाही १–३ असा गेला आणि संघ चौथा राहिला. साताऱ्याचा आदित्य लालगे ज्या संघात होता, त्या संघाने त्याच स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत बलाढ्य नेदरलँड्सला ४–३ असे नमवले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे कोडे अधिकच गडद होते.

अशा वेळी लोकांच्या तोंडी येणारी उत्तरे साधारणपणे दोनच असतात. एक तर मुलांनी कच खाल्ली, नाही तर नशीब आडवे आले. पहिले उत्तर सगळे कारणत्व कर्त्यावर लादते आणि दुसरे ते कर्त्याकडून पूर्णपणे काढून घेते. दोन्ही उत्तरे परस्परविरोधी दिसत असली, तरी एका कार्याला एकच कारण असते हे दोघांचेही गृहीत आहे, आणि दोन्ही चुकतात ती या गृहीतापाशीच. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात प्रत्येक कर्माच्या सिद्धीसाठी पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. अधिष्ठान म्हणजे कर्माचा आधार. शंकराचार्य आणि ज्ञानेश्वर त्याचा अर्थ देह असा करतात, तर टिळक ‘गीतारहस्या’त तो स्थान असा घेतात. करण म्हणजे साधन, चेष्टा म्हणजे त्या साधनांचे वेगवेगळे व्यापार, आणि दैव म्हणजे या चारांच्या कक्षेबाहेर उरणारा अंश. हे पाचही जुळून येत असताना जो केवळ स्वतःला कर्ता समजतो, त्याची दृष्टी अपुरी आहे, असा निर्वाळा गीता लगेच पुढे देते. हा निर्वाळा साधारणपणे यशाच्या अहंकाराविरुद्ध वापरला जातो, पण तो अपयशाच्या आरोपालाही तितकाच लागू पडतो, कारण बारा फटके वाया घालवणाऱ्या एकट्या मुलाकडे बोट दाखवणारा प्रेक्षकसुद्धा त्या मुलाला केवळ कर्ता समजत असतो.

नैयायिकांनी, म्हणजे तर्क आणि प्रमाण यांचा विचार करणाऱ्या न्यायदर्शनाच्या आचार्यांनी, या विचाराला अधिक काटेकोर रूप दिले. कार्य एका कारणातून उपजत नाही, तर कारणांच्या पूर्ण समुदायातून उपजते आणि या समुदायाला ते ‘सामग्री’ म्हणतात. या कल्पनेचा एक परिणाम सहसा कोणी बोलून दाखवत नाही. विजयासाठी सामग्रीतील प्रत्येक घटक लागतो, पण पराभवाला त्यांपैकी कोणताही एक कमी पडला तरी पुरते. म्हणून विजयाचे आणि पराभवाचे स्पष्टीकरण ही एकमेकांची उलटी रूपे नव्हेत. अनेक उणिवांपैकी जी सर्वांत शेवटी आणि सर्वांच्या डोळ्यांसमोर घडली, तिलाच पराभवाचे कारण मानण्याचा मोह यातूनच होतो. हुकलेला फटका लाखोंना दिसतो, पण तो फटका घोटवून घेण्यासाठी जी वर्षे मिळायला हवी होती आणि मिळाली नाहीत, ती कोणत्याही पडद्यावर दिसत नाहीत.

न्यायसूत्रांत या प्रश्नाशी थेट भिडणारा एक वाद आहे. पुत्रकामेष्टी, म्हणजे अपत्यप्राप्तीसाठी करावयाचा यज्ञ, यथासांग केल्यावरही कित्येकदा पुत्र होत नाही, तेव्हा तो यज्ञ सांगणारे वेदवचन खोटे मानावे काय, असा आक्षेप पूर्वपक्ष घेतो. सूत्रकार उत्तर देतो की, फळ न मिळण्याचे कारण वचनाचे असत्यत्व नसून कर्म, कर्ता किंवा साधन यांतील वैगुण्य, म्हणजे उणीव हे आहे. हे उत्तर प्रत्येक पराजित संघाच्या चौकशी अहवालाचे आद्यरूप म्हणता येईल. मात्र त्यात एक धोका आहे आणि तो स्पष्ट सांगितला पाहिजे: फळ मिळाले नाही की वैगुण्य होते असे म्हणायचे आणि फळ मिळाले की नव्हते असे म्हणायचे, तर ते विधान कधीच खोटे ठरू शकत नाही, आणि जे कधीच खोटे ठरू शकत नाही ते काहीच समजावून देत नाही. २०१३ साली दिल्लीत भरलेल्या कनिष्ठ विश्वचषकात भारत दहावा आला. २०१६ साली लखनौत त्याने अंतिम सामन्यात बेल्जियमला २–१ असे हरवून विजेतेपद पटकावले. दोन्ही वेळा मैदान घरचे होते. पहिल्या वेळी ‘घरच्या प्रेक्षकांचे दडपण’ आणि दुसऱ्या वेळी ‘घरच्या प्रेक्षकांचे बळ’ असे म्हणणाऱ्याने दोन्ही वेळा काहीच सांगितलेले नसते. सामन्यापूर्वी जे वैगुण्य दाखवता आले असते, तेच सामन्यानंतर कारण म्हणून मांडण्याचा अधिकार समीक्षकाला आहे.

सामग्रीच्या चर्चेत नैयायिक आणखी एका गोष्टीची भर घालतात, ती प्रतिबंधकाच्या अभावाची. अग्नी आणि सर्पण दोन्ही असूनही, दाह रोखणारा मणी जवळ असेल तर दाह होत नाही, या दृष्टांतावरून प्रतिबंधक नसणे हेही कार्याचे कारण मानावे लागते. खेळात प्रतिपक्ष हाच प्रतिबंधक असतो. ‘आपली मुले कमी पडली’ या वाक्यात समोरचा संघ जणू अस्तित्वातच नसतो. २०२१ साली भुवनेश्वरला २–४, २०२३ साली क्वालालंपूरला १–४ आणि २०२५ साली चेन्नईला १–५ अशा सलग तीन स्पर्धांच्या उपांत्य सामन्यांत भारतीय कुमार एकाच संघाकडून, जर्मनीकडून, हरले. तीन वेगवेगळ्या संघांतील मुलांच्या मनोधैर्याला तीनदा एकाच फेरीत एकसारखीच उतरती कळा लागली, असे मानण्यापेक्षा त्या प्रतिबंधकाची घडण अभ्यासणे अधिक सयुक्तिक आहे.

अधिष्ठानाचे, टिळकांच्या अर्थाने स्थानाचे, महत्त्व सर्वांत उघडपणे दिसते ते बर्फावरच्या हॉकीत. आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाचे सदस्यत्व भारताला १९८९ मध्ये मिळाले, आणि पुरुषांचा राष्ट्रीय संघ पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळला तो २००९ साली, अबू धाबी येथे. या खेळाचा देशातील मुख्य आधार म्हणजे लडाखमध्ये हिवाळ्याच्या थोड्या आठवड्यांत नैसर्गिकरीत्या गोठणारी तळी. देहरादूनला २०११ मध्ये उभारलेली बंदिस्त बर्फाची रिंक पुढे अनेक वर्षे बंद पडून राहिली. पायाखाली बर्फच नसलेल्या कुमारांच्या निश्चयाची चिकित्सा करत बसणे हे तर्कदृष्ट्या निरर्थक आहे. मैदानी हॉकीनेही हा धडा घेतलेला आहे: १९७६ साली माँट्रियलच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रथमच कृत्रिम पृष्ठभागावर खेळला गेला आणि गवतावर वाढलेला भारतीय संघ सातव्या स्थानी घसरला.

नागपूर जिल्ह्यातील कळमेश्वर तालुक्यात हा कारणविचार ग्रंथांवाचूनही लोकांच्या अंगवळणी पडलेला आहे. काटोल–कळमेश्वरच्या संत्राबागांत आंबिया बहाराची फळगळ झाली, तर बागायतदार झाडाला दोष देत नाही. पाण्याचा ताण किती दिवस दिला, ताण तोडल्यावर पाणी कसे दिले, जमिनीत निचरा आहे का, कीड-रोग कोणता, ऊन किती तापले, हे सारे तो ओळीने विचारतो, आणि सर्वांची उत्तरे मिळाल्यावर जे उरते त्यालाच आभाळाची करणी म्हणतो. दैव हा शब्द शेवटी उच्चारायचा असतो, हे या चौकशीच्या क्रमातच आले. झाडाला जो न्याय मिळतो तो मैदानावरून हरून आलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला मिळू नये, ही विसंगती गंभीर आहे.

दैवाला मात्र त्याची जागा नाकारूनही चालत नाही. लखनौच्या त्याच विजेत्या संघाचा ऑस्ट्रेलियाविरुद्धचा उपांत्य सामना २–२ असा बरोबरीत सुटला होता आणि निकाल शूटआउटवर, म्हणजे प्रत्येकी पाच खेळाडूंनी गोलरक्षकाशी एकएकट्याने दिलेल्या झुंजीवर लागला होता. तेथे एक-दोन चेंडू वेगळे पडले असते, तर तीच मुले, तेच प्रशिक्षक आणि तीच तयारी असूनही संघ ‘अपेक्षेपेक्षा खाली’ गेला असेच म्हटले गेले असते. अपेक्षा ही मुळात प्रेक्षकाची फलाशा असते. तिच्यावर नियंत्रण ठेवण्याचा उपदेश गीता कर्त्याला करते, पण खेळात ती बाळगणारा असतो प्रेक्षक आणि तिचे ओझे वाहतो कुमार कर्ता.

येथे निष्काम कर्माच्या शिकवणीचा एक गैरवापर टाळला पाहिजे. आरंभलेले कर्म सिद्धीस गेले तर फार हर्ष मानू नये आणि काही कारणाने अडले तर क्षोभ करू नये, हा ज्ञानेश्वरांचा उपदेश कर्म करणाऱ्यासाठी आहे. ज्याच्याकडे अधिष्ठान आणि करण पुरवण्याचे काम आहे, त्याने तो आपल्या कुचराईवर पांघरूण म्हणून घेतला, तर तो अधर्म ठरतो. अधिकार म्हणजे एखाद्या कर्माची पात्रता आणि जबाबदारी असा अर्थ घेतला, तर कुमाराचा अधिकार चेष्टेपुरता आहे आणि मैदान, साधने, प्रशिक्षण व वेळ यांचा अधिकार प्रौढांचा आहे. कुमाराने फळाविषयी उदासीन राहावे, पण प्रौढांनी साधनांविषयी तसे राहता कामा नये.

कळमेश्वर तालुक्यातीलच धापेवाडा हे चंद्रभागेकाठचे गाव विदर्भाचे पंढरपूर म्हणून ओळखले जाते. वार्धक्यामुळे कोलबास्वामींची पंढरीची वारी थांबली तेव्हा विठ्ठलच तेथे प्रकटला, अशी तेथील परंपरा आहे. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला तरी या कथेतला निवाडा विचारात घेण्याजोगा आहे: ज्याला मुक्कामापर्यंत पोहोचता आले नाही, त्याची निष्ठा त्या अपुऱ्या राहिलेल्या अंतरावरून मोजली गेली नाही. स्पर्धेतून चौथ्या, दहाव्या किंवा शेवटच्या क्रमांकाने परतणाऱ्या मुलांना घराच्या उंबरठ्यावर हाच निवाडा मिळायला हवा, आणि चौकशी व्हायची असेल तर ती गीतेने दिलेल्या क्रमाने व्हावी. त्या क्रमात कर्ता दुसरा येतो. पहिले नाव अधिष्ठानाचे आहे.