शंभरातले सत्त्याण्णव

हैदराबादच्या दिलसुखनगर मेट्रो स्थानकातून खाली उतरले की चारी बाजूंना आकडे दिसतात. शिकवणी वर्गांच्या फलकांवर मुलामुलींचे चेहरे आणि चेहऱ्याखाली रँक. याच वस्तीत आमची व्हिस्की चाखणाऱ्यांची एक बैठक आहे. कुणी काचीगुड्याच्या जुन्या मराठी घरातला, कुणी नलगोंड्याकडचा तेलुगू, कुणी नोकरीमुळे नांदेडहून आलेला. शमशाबाद विमानतळावरून परतताना आणलेली एखादी बाटली मध्ये असते आणि वाद हमखास एकाच मुद्द्यावर येतो: जिम मरे यांच्या गुणांवर कितपत विसंबायचे?

मरे या इंग्रज समीक्षकांनी 2003 साली ‘व्हिस्की बायबल’ नावाचे वार्षिक पुस्तक सुरू केले. वास, चव, गिळल्यानंतर मागे रेंगाळणारा स्वाद आणि या साऱ्यांचा तोल, प्रत्येकी 25 गुण, एकूण 100. पुस्तकाच्या 2010च्या आवृत्तीत त्यांनी बेंगळुरूच्या अमृत फ्यूजनला 97 गुण दिले आणि जगातल्या व्हिस्कींमध्ये तिसरे स्थान दिले. अमृत ही जगदाळे कुटुंबाची 1948पासूनची कंपनी. तिने आपली सिंगल मॉल्ट 2004 साली थेट ग्लासगोत, म्हणजे स्कॉटलंडच्या अंगणात, विकायला काढली होती. भारतातल्या दुकानांत ती आली त्यानंतर कितीतरी वर्षांनी. आपल्या मातीतली व्हिस्की आपल्याआधी परक्यांनी चाखली आणि तिची थोरवी आपल्याला कळली ती त्यांच्या गुणपत्रिकेवरून.

त्या गुणांनी एक चांगले काम केले, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. व्हिस्कीचे मोल पिंपातल्या वर्षांवरून ठरवायची सवय जगाला जडली होती. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातली साधारण दोन टक्के व्हिस्की दरवर्षी उडून जाते. बेंगळुरूत हे प्रमाण दहा-बारा टक्क्यांच्या घरात जाते. इथे बारा-पंधरा वर्षे मुरवायला ठेवले तर पिंपात फारसे काही उरणार नाही. उष्ण हवेत लाकूड आणि मद्य यांचा व्यवहार झपाट्याने होतो, म्हणून इथली तरुण व्हिस्कीही भरदार लागते. बाटलीवर वयाचा आकडा नसला तरी माल हलका नसतो, हे एका नामवंत जिभेने जाहीर केले म्हणून दुकानदारांनी आणि ग्राहकांनी ऐकून घेतले.

पण भारतात या गुणांवर नको तेवढे ओझे पडते. दारूच्या उघड जाहिरातीला आपल्याकडे बंदी आहे. मग सोडा आणि संगीताच्या सीडी पुढे करून नाव मिरवायचे, किंवा पारितोषिक आणि गुण यांची बातमी करायची. बातमी छापायला बंदी नाही. परिणामी समीक्षकाचे मत कंपनीची जाहिरात होऊन बसते. ग्राहकाला बाकी आधार तरी कुठला? वाइन शॉपच्या जाळीआड ओळीने लावलेल्या बहुतेक देशी ‘व्हिस्की’ मुख्यतः उसाच्या मळीपासून काढलेल्या मद्यार्कावर बेतलेल्या असतात. युरोपीय संघात अशा मद्याला व्हिस्की म्हणून विकता येत नाही. तिथे धान्य आणि लाकडी पिंपातली किमान तीन वर्षे लागतात. ज्या बाजारात लेबल पुरेसे बोलत नाही, तिथे 97 हा आकडा फार मोठ्याने बोलतो.

मरे यांच्यावरचा नेहमीचा आक्षेप असा, की त्यांची निवड भलतीच असते. 2016च्या आवृत्तीत त्यांनी 97.5 गुण देऊन क्राउन रॉयल नॉर्दर्न हार्वेस्ट राय या स्वस्त कॅनडियन व्हिस्कीला जगात पहिली ठरवले. कॅनडात ती पाहता पाहता संपली आणि जाणकारांनी कपाळाला हात लावला. मला हा आक्षेप दुबळा वाटतो. स्वस्त बाटली श्रेष्ठ असू नये, असा नियम कुणी केला? आपल्याला पटले नाही म्हणून समीक्षक अविश्वसनीय ठरत नाही. तो स्वतःशी जुळतो का, हे खरे पाहायचे.

आणि ते तपासता येते. रॉबर्ट हॉजसन या निवृत्त अमेरिकी प्राध्यापकांनी कॅलिफोर्निया राज्य मेळ्यातल्या वाइन परीक्षकांवर सलग चार वर्षे प्रयोग केला. एकाच बाटलीतली वाइन, परीक्षकाला न सांगता, तीनदा पुढे ठेवायची. 2008 साली निष्कर्ष छापून आले. तिन्ही वेळा एकाच पदकाच्या टप्प्यात गुण देणारे परीक्षक जेमतेम दहा टक्के निघाले. त्याच वाइनला एकदा कांस्य आणि एकदा सुवर्ण देणारेही जवळपास तितकेच. ही माणसे अडाणी नव्हती, लबाडही नव्हती. जिभेचे मोजमाप असेच असते: आधी काय चाखले, पोट भरले आहे का, ग्लास कितवा, यावर ते हलते.

आमच्या बैठकीत यजमानांनी एकदा असेच केले. एकच मॉल्ट दोन ग्लासांत, मधे तिसरीच एक धुरकट. दुसऱ्या वेळी तीच मॉल्ट बहुतेकांना पातळ लागली, कारण धूर जिभेवर बसला होता. नांदेडचे काका म्हणाले, “अहो, मग मरेसाहेबांच्या साडेसत्त्याण्णवातला तो अर्धा गुण कुठून येतो?” हा प्रश्न मला त्या संध्याकाळचा सर्वांत मोलाचा वाटला. वर्षाला हजारावर नमुने चाखणाऱ्याने 97 आणि 97.5 यांत फरक करावा आणि त्यावर जगातला पहिला आणि तिसरा क्रमांक ठरावा, ही अचूकता जिभेच्या आवाक्याबाहेरची आहे. 97चा अर्थ ‘उत्कृष्ट’ एवढाच घ्यावा. त्यापुढचा क्रमांक हा पुस्तक खपवण्याचा भाग आहे.

2020च्या सप्टेंबरात वादाला वेगळेच वळण लागले. बेकी पास्किन या पत्रकार बाईंनी पुस्तकातल्या वर्णनांतली स्त्रियांविषयीची हिणकस भाषा दाखवून दिली आणि लंडनच्या ‘द व्हिस्की एक्स्चेंज’ने पुस्तक विकणे थांबवले. नेमक्या त्याच, 2021च्या, आवृत्तीत गोव्याच्या कुंकळ्ळीत बनणाऱ्या पॉल जॉन मिथुनाला तिसरे स्थान होते. भाषेचा गुणांशी काय संबंध, असे आमच्यातले काही विचारतात. माझ्या मते संबंध आहे. गुण हे वर्णनाचे सार असतात. ज्याची वर्णने पेल्यातल्या द्रवाऐवजी स्वतःच्या कल्पनांत रमतात, त्याने काय चाखले हे वाचकाला कळायचे कसे? मिथुना चांगली आहे, मला ती मनापासून आवडते. तिला या शिफारशीपेक्षा चांगला साक्षीदार मिळायला हवा होता.

साक्षीदार अनेक असावेत, हा मार्ग 1997 साली सुरू झालेल्या ‘मॉल्ट मॅनिअ‍ॅक्स’ या हौशी मंडळींनी दाखवला. निरनिराळ्या देशांतल्या सदस्यांचे गुण ते शेजारी शेजारी छापत. एकाचे 91, दुसऱ्याचे 78, दोन्ही तसेच. हा मतभेद वाचकाला सरासरीपेक्षा जास्त सांगतो: धुराची आवड असलेल्याने कुठे जावे, शेरीच्या पिंपाचा गोडवा नको असलेल्याने काय टाळावे. एकाच माणसाचे गुण वाचायचे असतील, तर त्याने तीन गोष्टी लिहाव्यात, एवढी आमची मागणी आहे: नाव झाकून चाखली का, बाटली विकत घेतली की कंपनीने पाठवली, आणि ती कोणत्या बॅचची. कारण आज दुकानात मिळणारी फ्यूजन ही मरे यांनी 97 गुण दिलेल्या बाटलीतली नव्हे; ती वेगळ्या पिंपांतून, वेगळ्या वर्षी भरलेली आहे, आणि तिला गुण द्यायचे अजून बाकी आहेत.