गाळलेला एक शब्द

क्षमा करणारा निराळा आणि क्षमा मागणारा निराळा, अशी आपणां सर्वांची समजूत असते. एक ओट्यावर उभा, दुसरा खाली अंगणात हात जोडून. ही समजूत खरी आहे काय? ह्याचा विचार करताना इंग्लंडातील कव्हेंट्री शहराच्या पुरातन उपासनामंदिराची हकिकत फार उपयोगी पडते.

१४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी बॉम्ब टाकून हे मंदिर जाळिले. शहरात पाचशेंहून अधिक माणसे मेली. मंदिराचे छप्पर कोसळले. बाहेरच्या भिंती व उंच मनोरा तेवढा उरला. एका पाथरवटाने दोन जळक्या तुळया एकत्र बांधून क्रूस उभा केला. प्रमुख पाळक रिचर्ड हॉवर्ड ह्यांनी वेदीमागील भिंतीवर एवढेच कोरविले: ‘बापा, क्षमा कर.’

वधस्तंभावरील प्रभूची प्रार्थना आपणांस पाठ आहे. तीत ‘त्यांना’ हा शब्द आहे. हॉवर्ड ह्यांनी तो जाणूनबुजून गाळला; कारण पापी एकटा शत्रू नव्हे, आपण सर्वच आहो.

कोणी म्हणेल, ‘ज्याचे घर जळाले त्याने जाळणाऱ्याच्या रांगेत का बसावे?’ हा आक्षेप हलका नव्हे. अपराध झाकून केलेली क्षमा ही क्षमाच नव्हे. पण कव्हेंट्रीकरांनी अपराध झाकला नाही. पडक्या भिंती त्यांनी तशाच राखिल्या, शेजारी नवे मंदिर बांधिले, व २५ मे १९६२ रोजी त्याचे समर्पण केले. आजही पाहावयास जाणाऱ्यास उघड्या आभाळाखालील त्या भिंती आणि नवे मंदिर ही दोन्ही एकमेकांस लागून दिसतात.

आता पुढे काय झाले ते पाहा. फेब्रुवारी १९४५ मध्ये इंग्रज व अमेरिकन विमानांनी जर्मनीतील ड्रेस्डेन शहर जाळिले. सुमारे २५,००० माणसे मेली. तेथीलही मोठे मंदिर कोसळले. कव्हेंट्रीच्या भिंतीवर ‘त्यांना’ असे कोरिले असते, तर त्या शब्दाने कोणाकडे बोट दाखविले असते? १९६१ साली जर्मन तरुण कव्हेंट्रीच्या पडक्या मंदिरात बांधकामास हातभार लावण्यास आले. १९६५ साली कव्हेंट्रीकडून तरुण ड्रेस्डेनला गेले व बॉम्बांनी पडलेले एक रुग्णालय उभारण्यास त्यांनी मदत केली.

बंधुभगिनींनो, आपल्या सोलापूर जिल्ह्यातील खेड्यांत बॉम्ब पडले नाहीत; परंतु बांध कोरला जातो, कडब्याची गंज पेटविली जाते, आणि सख्खे भाऊ वर्षानुवर्षे एकमेकांच्या दारी जात नाहीत. न्याय अवश्य मागावा. झालेले नुकसान लपवू नये. तथापि रात्री प्रार्थनेस बसल्यावर ‘त्याला क्षमा कर’ हे शब्द ओठांवर येत नसतील, तर त्यांतील पहिला शब्द गाळून पाहावा. त्या प्रार्थनेत शेजारी तर राहतोच, आणि आपणही येतो. मग सकाळी त्याच्या दारी जाताना पाय तितके जड होत नाहीत.