बाटली हद्दीवर, चेहरा घरात

दारूबंदीचा कायदा वस्तूवर चालतो आणि दारूची जाहिरात व्यक्तिमत्त्वावर चालते. या दोहोंतील अंतर वर्धा जिल्ह्यातील पुलगावात विशेष ठळकपणे दिसते. गांधीजींचे सेवाग्राम आणि विनोबांचे पवनार ज्या जिल्ह्यात आहेत, तिथे 1970च्या दशकापासून दारूबंदी आहे. पण पुलगावच्या पश्चिमेला वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा लागतो आणि परवान्याच्या दुकानातून बीअर राजरोस विकत घेता येते. नदीच्या पुलावर नाकाबंदी करून बाटली पकडता येते, मात्र आयपीएलच्या सामन्याबरोबर घरात शिरणाऱ्या नामवंताच्या चेहऱ्याला कोणतीही जिल्हाबंदी लागू पडत नाही.

जाहिरातीवरील निर्बंध जुनेच आहेत. मुंबई दारूबंदी अधिनियम, 1949 याने मादक पदार्थांच्या जाहिरातींना मनाई केली. 1951च्या बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यातील, मद्याची नुसती प्रशंसा करण्यावरील बंदी अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आधारे रद्द ठरवली. पुढे 1994च्या केबल दूरचित्रवाणी नियमांनी छोट्या पडद्यावरील मद्याच्या जाहिराती बंद केल्या, तेव्हा सरोगेट जाहिरातीचे, म्हणजे मद्याचेच नाव आणि बोधचिन्ह सोडा, पाणी वा संगीत यांसाठी वापरून मूळ मालाची आठवण जागती ठेवण्याचे तंत्र फोफावले. बाटली दाखवायची नाही म्हटल्यावर दाखवण्यासारखे उरले ते माणूस आणि त्याची ऐट.

ही ऐट मालाला कशी चिकटते, याचे विवेचन ग्रँट मॅक्रॅकन या अभ्यासकाने 1989 साली केले. त्याच्या मते समाजाने नामवंताला दिलेले अर्थ जाहिरातीतून वस्तूकडे जातात आणि वस्तू वापरणारा ते स्वतःच्या अंगी बाणवू पाहतो. किंगफिशर बीअरच्या बाबतीत तर जाहिरातीतला नामवंत आणि मालक एकच होता. विजय मल्ल्या यांची चैनीची प्रतिमा, 2003पासूनचे किंगफिशर कॅलेंडर, 2005मध्ये सुरू झालेली त्याच नावाची विमानसेवा या साऱ्यांतून एकच व्यक्तिरेखा उभी राहिली. 2012मध्ये विमाने जमिनीवर आली, 2016मध्ये मल्ल्या देश सोडून गेले, 2021मध्ये बीअर कंपनीचा ताबा हायनेकेनकडे गेला, तरी बीअर खपतच राहिली. एकदा बोधचिन्हात मुरलेल्या प्रतिमेला मूळ माणसाची गरज उरत नाही, एवढे यावरून दिसते.

उलट बाजूने पाहता, नकारालाही अर्थ असतो. वडील, कवी आणि प्राध्यापक रमेश तेंडुलकर यांना दिलेल्या शब्दामुळे आपण मद्य आणि तंबाखूच्या जाहिराती केल्या नाहीत, असे सचिन तेंडुलकर यांनी जाहीरपणे सांगितले आहे. दक्षिण आफ्रिकेच्या हाशिम अमलाने संघाच्या पोशाखावरील कॅसल बीअरचे चिन्ह वापरण्यास नकार दिला. चेहरा उसना देणे ही तटस्थ व्यावसायिक सेवा नाही, हे दोघांनीही ओळखले होते.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीतील नामवंताला 10 लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली आणि 2022च्या मार्गदर्शक तत्त्वांनी सरोगेट जाहिरातींना स्पष्ट मनाई केली. तरीही सोड्याच्या जाहिरातीत सोड्याविषयी खोटे काहीच सांगितलेले नसते आणि पळवाट नेमकी तिथेच सापडते. म्हणून जाहिरातीतील माल खरा आहे का, यापेक्षा तो चेहरा कोणत्या नावासाठी राबतो आहे, हा प्रश्न अधिक मूलगामी ठरतो. केवळ जप्त बाटल्यांवरून यश मोजणारी दारूबंदी त्याला हातच घालत नाही आणि जिल्ह्याच्या सामूहिक निर्धाराला बगल देण्याचे काम प्रसिद्ध माणसे विनापरवाना करत राहतात.